यकृतरक्षक वनस्पती : चाचणी नेमकी कशाची होते?

वनस्पतींचे अर्क यकृताचे रक्षण करतात की नाही, हे प्रयोगशाळेत कसे तपासले जाते याविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. लांब पत्रे थोडक्यात दिली असून एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी औषधनिर्माणशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. एका वनस्पतीच्या पानांचा अर्क यकृताचे रक्षण करतो का, हे मला प्रबंधासाठी तपासायचे आहे. अर्क पाण्यात काढावा की अल्कोहोलमध्ये? प्राण्यांवरील प्रयोगापूर्वी काय काय करून ठेवावे?

उत्तर : द्रावकाचा विचार नंतर करू. आधी आपल्या हातातली पाने नेमक्या कोणत्या प्रजातीची आहेत याची खात्री करून घ्यावी, कारण या क्षेत्रातले कित्येक प्रबंध इथेच कच्चे राहतात. भुईआवळीचेच पाहा. फायलँथस अमारस या प्रजातीच्या शेजारी तिच्यासारख्याच दिसणाऱ्या इतर प्रजाती उगवतात आणि वाळवून चुरा केल्यावर त्या नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या ओळखता येत नाहीत. म्हणून फूल आणि फळ असलेली डहाळी दाबून वाळवावी, वनस्पतिशास्त्रज्ञाकडून तिची ओळख पटवून घ्यावी, वनस्पतिसंग्रहालयात ती जमा करावी आणि तिथे मिळालेला नमुना क्रमांक प्रबंधात नोंदवावा. पाने कोणत्या महिन्यात तोडली, कोवळी होती की जून, उन्हात वाळवली की सावलीत, हेही लिहून ठेवावे, कारण एकाच झाडातील घटकांचे प्रमाण या सगळ्यांनुसार बदलते.

आता द्रावक. पाण्यात शर्करा, क्षार, टॅनिन आणि शर्करेशी जोडलेली संयुगे उतरतात. ७० टक्के अल्कोहोलमध्ये त्यांच्याबरोबर फ्लॅव्होनॉइड आणि बरीचशी टर्पिन वर्गातील संयुगे येतात. हेक्झेनमध्ये मुख्यतः मेद आणि मेणासारखे पदार्थ येतात. परंपरेत त्या वनस्पतीचा काढा घेतला जात असेल आणि त्या वापरात तथ्य आहे का हे आपल्याला पाहायचे असेल, तर पाण्यातला अर्क तपासलाच पाहिजे. काढ्याची कीर्ती सांगायची आणि प्रयोग मेथॅनॉलच्या अर्कावर करायचा, ही फार रुळलेली पण न पटणारी पद्धत आहे. घटक शोधणे हा हेतू असेल तर पाणी आणि अल्कोहोलचे मिश्रण सोयीचे पडते. सॉक्सलेट यंत्रात द्रावक तासन्‌तास उकळत राहतो, त्यामुळे उष्णतेने बिघडणारी संयुगे हाती लागत नाहीत. अशी शंका असल्यास चुरा थंड द्रावकात भिजत ठेवून अधूनमधून हलवत राहणे बरे.

अर्क वाळवण्याकडे मात्र अधिक काटेकोरपणे पाहावे. निर्वात बाष्पीभवन यंत्राच्या चंबूत शेवटी काळपट हिरवा, चिकट, काडीने ओढला तर तार धरणारा गोळा उरतो आणि अनेक जण तिथेच थांबून वहीत ‘शुष्क अर्क’ असे लिहितात. तो शुष्क नसतो. निर्वात शोषकपात्रात ठेवून त्याचे वजन करावे, पुन्हा ठेवावे, पुन्हा वजन करावे आणि लागोपाठची वजने जुळेपर्यंत हे करत राहावे. ही केवळ टापटीप नव्हे. उरलेले अल्कोहोल ज्या एन्झाइमला जाऊन अडकते, तेच एन्झाइम पुढे आपण वापरणार असलेल्या विषालाही विषारी रूप देते. म्हणजे अर्काच्या नावावर जमा झालेले श्रेय प्रत्यक्षात चंबूत उरलेल्या द्रावकाचे असू शकते. याच कारणासाठी अर्क विरघळवायला डायमिथाइल सल्फॉक्साइड वापरू नये. पॅरासिटामॉलच्या प्रयोगात हा द्रावक एकटाच यकृत वाचवतो, हे अनेकदा दिसून आले आहे. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजच्या पातळ द्रावणात अर्क घोटून द्यावा आणि तेच द्रावण तेवढ्याच आकारमानात बाकी सर्व गटांनाही द्यावे.

शंभर ग्रॅम चुऱ्यातून किती अर्क निघाला ते लिहावे, एखाद्या ओळखीच्या घटकाचे प्रमाण एचपीएलसी यंत्रावर मोजून घ्यावे, जड धातू, कीटकनाशके आणि बुरशीची विषे यांची तपासणी करून घ्यावी. मग तीव्र विषारीपणाची चाचणी. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४२३ क्रमांकाच्या पद्धतीत एका टप्प्याला तीनच प्राणी लागतात, शरीराच्या दर किलोमागे ५, ५०, ३०० आणि २००० मिलिग्रॅम या ठरलेल्या मात्रांपैकी एकीपासून सुरुवात होते आणि प्राण्यांवर १४ दिवस लक्ष ठेवले जाते. प्राण्यांवरील प्रयोगांच्या नैतिक समितीची परवानगी या सगळ्याच्या आधी, हे आपल्याला मार्गदर्शकांनी सांगितले असेलच.

प्रश्न : या प्रयोगांत उंदरांना आधी काही दिवस अर्क देतात आणि मग कार्बन टेट्राक्लोराइड किंवा पॅरासिटामॉल देतात, असे वाचले. हीच दोन विषे का? आणि रोग होण्याआधी औषध देण्याचा हा उलटा क्रम कशासाठी? (एक विज्ञान शिक्षक)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग या साऱ्या विषयाच्या मर्मावर बोट ठेवतो, म्हणून त्याला थोडी अधिक जागा देतो.

ही दोन्ही रसायने मूळ रूपात तितकी घातक नसतात. यकृतच त्यांना घातक बनवते. यकृतातील सायटोक्रोम पी-४५० या एन्झाइमांच्या कुटुंबात सीवायपी २ई१ नावाचे एक एन्झाइम आहे. ते कार्बन टेट्राक्लोराइडच्या रेणूतून एक क्लोरीन काढून टाकते आणि मागे ट्रायक्लोरोमिथाइल हा अतिशय क्रियाशील मुक्त मूलक उरतो. ऑक्सिजनशी संयोग झाला की तो आणखी आक्रमक होतो आणि पेशीपटलातील मेदांवर तुटून पडतो. एका मेदरेणूचे ऑक्सिडीकरण शेजारच्या रेणूला लागते, पटले गळू लागतात आणि पेशीतली एन्झाइमे रक्तात उतरतात. सीवायपी २ई१ यकृताच्या प्रत्येक खंडिकेतील मध्यवर्ती शिरेभोवती सर्वांत जास्त असते. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर मृत पेशींचे कडे नेमके त्या शिरेभोवती पडलेले दिसते आणि खंडिकेचा परीघ पुष्कळसा शाबूत असतो.

पॅरासिटामॉलची वाट थोडी वेगळी आहे. नेहमीच्या मात्रेतला त्याचा बहुतेक भाग ग्लुकुरॉनिक आम्ल किंवा सल्फेट यांच्याशी जोडला जाऊन लघवीवाटे निघून जातो. थोडासा भाग, साधारण ५ ते १० टक्के, त्याच सीवायपी एन्झाइमांच्या हाती लागून एनएपीक्यूआय या क्रियाशील संयुगात बदलतो आणि पेशीतील ग्लुटाथायोन हे संरक्षक संयुग त्याला तिथल्या तिथे निष्प्रभ करते. मात्रा फार झाली की ग्लुटाथायोन संपते, मोकळे राहिलेले एनएपीक्यूआय प्रथिनांना, विशेषतः मायटोकाँड्रियातील प्रथिनांना चिकटते आणि पेशी मरू लागतात. माणसातही हेच घडते. कार्बन टेट्राक्लोराइडची विषबाधा आज क्वचितच कुणाला होते, पण पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने यकृत निकामी झालेले रुग्ण अनेक देशांतील रुग्णालयांत येतात. म्हणून निवड करायचीच झाली तर मी पॅरासिटामॉल निवडेन, आणि तेही माउस जातीच्या लहान उंदरांत. रॅट जातीचे मोठे उंदीर या औषधाला बरेच दाद देत नाहीत, तरीही असंख्य प्रबंध रॅटवरच केलेले आढळतात. त्यामागे शास्त्रापेक्षा प्राणिगृहात काय उपलब्ध होते हेच कारण अधिक असावे.

आता क्रमाविषयी. सात दिवस अर्क द्यायचा, मग विष द्यायचे, चोवीस तासांनी रक्त तपासायचे, ही सर्वांत प्रचलित रचना. तीत यकृत वाचले तर त्याची निदान दोन कारणे संभवतात. एक, अर्काने पेशींना आघात सोसण्याचे बळ दिले किंवा झालेली हानी आवरली. दोन, अर्कातील एखाद्या घटकाने सीवायपी २ई१ बंद पाडले, त्यामुळे विष तयारच झाले नाही. दुसऱ्या प्रकाराला संरक्षण म्हणणे हे चोर आलाच नाही म्हणून कुलूप भक्कम होते असे म्हणण्यासारखे आहे. वनस्पतींच्या अर्कांत सीवायपी एन्झाइमे रोखणारी फ्लॅव्होनॉइड आणि इतर संयुगे विपुल असतात, त्यामुळे ही शक्यता दूरची नव्हे. शिवाय असा अर्क घेणाऱ्या रुग्णाला तो लाभाऐवजी अडचणीचाच ठरू शकतो, कारण त्याची इतर औषधेही याच एन्झाइमांच्या मदतीने शरीराबाहेर पडत असतात.

दोन्ही शक्यता वेगळ्या करणे फारसे अवघड नाही. माउसला पॅरासिटामॉल दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत यकृतातील ग्लुटाथायोन झपाट्याने खाली येते. अर्क दिलेल्या गटातही ते तितकेच खाली आले, पण चोवीस तासांनी हानी कमी दिसली, तर विष तयार झाले होते आणि तरीही यकृत वाचले असे म्हणता येते. अर्क दिलेल्या गटात ग्लुटाथायोन मुळात उतरलेच नाही, तर विषनिर्मितीच अडली असण्याचा संशय घ्यावा. प्रथिनांना चिकटलेले एनएपीक्यूआय मोजता आले तर अधिकच उत्तम. दुसरा मार्ग म्हणजे क्रम बदलणे : आधी विष, एक-दोन तासांनी अर्क. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर वापरले जाणारे एन-ॲसिटिलसिस्टीन हे औषध गोळ्या पोटात गेल्यानंतर दिले जाते आणि पहिल्या आठ तासांत ते सुरू केले तर यकृत बहुधा वाचते. रुग्णालयात येणारा माणूस विष घेऊनच येतो, हे ध्यानात ठेवले तर नंतर अर्क देणारा एखादा गट प्रयोगात असावा ही अपेक्षा अवाजवी वाटू नये.

एन्झाइमांच्या या गोंधळातून सुटण्यासाठी गॅलॅक्टोसामीनसारखे वेगळ्या वाटेने जाणारे विषही वापरतात. ते यकृतपेशीतील युरिडिन ट्रायफॉस्फेट खर्ची पाडते, आरएनए आणि प्रथिने बनणे थांबते. त्यासाठी सायटोक्रोमची गरज पडत नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने कुटकीपासून तयार केलेल्या पिक्रोलिव्ह या प्रमाणित मिश्रणाची चाचणी अशा अनेक वेगवेगळ्या विषांवर झाली होती, आणि एकाच विषावरच्या शंभर निबंधांपेक्षा अशा कामाला मी अधिक वजन देतो.

प्रश्न : ‘अमुक अर्काने यकृताचे ७५ टक्के रक्षण’ अशी बातमी वाचली. म्हणजे शंभर रुग्णांपैकी ७५ बरे झाले असे समजावे का?

उत्तर : नाही, बहुधा त्या प्रयोगात रुग्ण नव्हतेच. हा आकडा एका साध्या सूत्रातून येतो. समजा, निरोगी गटात एसजीपीटी या यकृतातील एन्झाइमची रक्तातील सरासरी ४० एकक आहे, विष दिलेल्या गटात ती ४०० झाली आणि विषासोबत अर्क मिळालेल्या गटात १३० राहिली. विषामुळे वाढ झाली ३६० एककांची, त्यातली २७० अर्काने टाळली. २७० ला ३६० ने भागले की ७५ टक्के. तो एका एन्झाइमचा, बहुधा एका गटातील सहा प्राण्यांचा आणि एका ठराविक वेळेचा आकडा आहे.

एसजीपीटी, ज्याला एएलटीही म्हणतात, हे पेशीतून गळलेले एन्झाइम आहे. यकृत काम किती करते आहे हे त्यावरून कळत नाही. काम कळण्यासाठी रक्त गोठण्याचा प्रोथ्रॉम्बिन काळ, बिलिरुबिन आणि दीर्घ प्रयोगात अल्ब्युमिन पाहावे लागते. हानी अतिशय व्यापक झाली तर गळण्यासारख्या पेशीच उरत नाहीत आणि एसजीपीटी खाली येते. तेव्हा नुसता तो आकडा पाहणाऱ्याला सुधारणा झाल्यासारखे वाटते. रक्त घाईने ओढले, तांबड्या पेशी फुटल्या आणि रक्तद्रव गुलाबी झाले, तर त्या पेशींतील एसजीओटी हे दुसरे एन्झाइम मोजणीत मिसळून त्याचा आकडा फुगतो; असा नमुना बाद करावा, पण कोणत्या गटातले किती बाद केले हे लिहावे. अर्कातील घटक मोजणीच्या रासायनिक क्रियेतच ढवळाढवळ करत नाहीत ना, हे पाहण्यासाठी विष दिलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात थोडा अर्क परीक्षानळीतच मिसळून आकडा बदलतो का ते पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे, पण फार थोडे जण ते करतात.

ऊतींच्या छायाचित्रांविषयीही असेच सांगता येईल. प्रत्येक गटाचे एकेक सुबक चित्र छापलेले असते. प्राण्यांची गटवारी चिठ्ठ्या टाकून केली होती का, आणि काचपट्ट्या पाहणाऱ्या विकृतिशास्त्रज्ञाला कोणती पट्टी कोणत्या गटातली हे माहीत नव्हते का, या दोन गोष्टी निबंधात लिहिलेल्या नसतील तर ती चित्रे शोभेची समजावीत. प्राण्यांवरील प्रयोग कसे मांडावेत यासाठी २०१० पासून उपलब्ध असलेली ‘अराइव्ह’ ही मार्गदर्शक तत्त्वे नेमका याच तपशिलांचा आग्रह धरतात.

प्रश्न : प्राण्यांचा जीव घेण्याऐवजी हे सारे काचपात्रातील पेशींवर करता येणार नाही का?

उत्तर : काही भाग येतो आणि तेवढा तरी तिथेच करावा. प्राण्यांच्या जागी पर्याय शोधणे, त्यांची संख्या घटवणे आणि त्यांच्या वेदना कमी करणे ही रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली त्रिसूत्री आज सर्वमान्य आहे. अडचण पेशींच्या निवडीत आहे. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या हेपजी-२ पेशी यकृताच्या अर्बुदातून आलेल्या असून त्यांच्यात सायटोक्रोम एन्झाइमे फारच कमी असतात. विषारी रूप तयार करणारी यंत्रणाच जिथे अपुरी, तिथे पॅरासिटामॉलपासून संरक्षण मिळाले असे म्हणण्याला फारसा अर्थ राहत नाही. हेपाआरजी पेशी या बाबतीत पुष्कळ बऱ्या; यकृतातून ताज्या वेगळ्या केलेल्या पेशी सर्वांत चांगल्या, पण साध्या थाळीत त्यांची ही क्षमता काही दिवसांतच ओसरते.

वनस्पतींच्या अर्कांसाठी आणखी एक सापळा आहे. जिवंत पेशी मोजण्याच्या एमटीटी चाचणीत पिवळे रंगद्रव्य जिवंत पेशींतल्या क्रियेने जांभळे होते. जितका जांभळा रंग गडद, तितक्या पेशी जिवंत असे धरले जाते. परंतु अर्कातील पॉलिफेनॉल हे काम पेशींशिवायही करतात. थाळीतल्या एका खाचेत पेशी न घालता नुसते पोषणद्रव, अर्क आणि रंगद्रव्य घालून पाहा. कित्येक अर्कांत ती रिकामी खाचही जांभळी होते. म्हणून अशी पेशीविरहित खाच प्रत्येक थाळीत ठेवावी, रंगद्रव्य घालण्यापूर्वी पेशी धुवून घ्याव्यात आणि जोडीला एलडीएच या पेशीतील एन्झाइमच्या गळतीसारखी वेगळ्या तत्त्वावरची मोजणी करावी. परीक्षानळीत मुक्त मूलक टिपणाऱ्या डीपीपीएचसारख्या चाचण्यांना तर यकृतरक्षणाचा पुरावा मुळीच मानू नये. अर्क आतड्यातून शोषला जातो का आणि यकृतापर्यंत कोणत्या रूपात पोहोचतो, याबद्दल त्या काहीच सांगत नाहीत.

प्रश्न : बहुतेक प्रयोगांत सिलिमरिनशी तुलना असते. आपला अर्क सिलिमरिनइतका निघाला तर तो औषध म्हणून सिद्ध झाला असे म्हणता येईल का?

उत्तर : सिलिमरिन हे सिलिबम मॅरियानम या काटेरी वनस्पतीच्या फळांतून काढलेले मिश्रण असून सिलिबिन हा त्यातला प्रमुख घटक आहे. प्राण्यांच्या प्रयोगांत ते भरवशाचे आहे, म्हणून तुलनेला घेतात; आपली मांडणी नीट चालली का हे त्यावरून कळते. अमानिता फॅलॉइडिस या विषारी अळंबीच्या विषबाधेत युरोपात सिलिबिन शिरेतून देतात, कारण ते विषाला यकृतपेशीत शिरू देणाऱ्या वाहक प्रथिनांना अडवते. पण यकृताच्या सामान्य आजारांत त्याची कामगिरी प्राण्यांतल्या निकालांइतकी उजळ नाही. इंटरफेरॉन या औषधाचा उपयोग न झालेल्या दीर्घकालीन हेपॅटायटिस-सी च्या १५४ रुग्णांवरील, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सिलिमरिन ४२० किंवा ७०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असे २४ आठवडे देण्यात आले. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत एएलटीमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. तेव्हा सिलिमरिनशी बरोबरी ही रॅटमधली बरोबरी आहे, एवढेच म्हणावे.

माणसांवरचा पहिला उत्साहवर्धक निकालही टिकतोच असे नाही. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी हेपॅटायटिस-बी च्या वाहकांना भुईआवळीची भुकटी ३० दिवस दिली तेव्हा ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचे पृष्ठ-प्रतिजन, म्हणजे संसर्गाची खूण असलेले प्रथिन, नाहीसे झाले, निष्क्रिय भुकटी घेणाऱ्या २३ जणांत फक्त एकाचे. जगभर त्याची चर्चा झाली. थायलंड आणि न्यूझीलंडमधील नंतरच्या चाचण्यांत मात्र तो परिणाम दिसला नाही. वनस्पतीचा प्रकार, तिची जागा, काढणीचा हंगाम, रुग्णांच्या आजाराची अवस्था, अशी अनेक स्पष्टीकरणे पुढे आली; प्रमाणित अर्क आणि पुरेसे मोठे गट नसतील तर त्यांतले खरे कोणते हे ठरवायला मार्गच उरत नाही.

प्रश्न : रॅटला दर किलोमागे २०० मिलिग्रॅम अर्क दिला, तर ६० किलोच्या माणसाला १२ ग्रॅम द्यावा लागेल का?

उत्तर : इतका सरळ गुणाकार करत नाहीत. शरीराच्या पृष्ठफळाचा विचार करून रॅटची मात्रा ६.२ ने भागतात (माउसची १२.३ ने), २०० चे सुमारे ३२ मिलिग्रॅम दर किलो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १.९ ग्रॅम अर्क. शंभर ग्रॅम चुऱ्यातून दहा ग्रॅम अर्क निघत असेल तर हा १९ ग्रॅम वाळलेल्या पानांचा ऐवज झाला, आणि तो रोज. हा हिशेब पहिल्या अंदाजापुरता असतो. तो पाहून घरी मात्रा ठरवायची नसते. मात्र तो निबंध वाचताना उपयोगी पडतो : दर किलोमागे १००० मिलिग्रॅम देऊन मिळवलेला परिणाम माणसाच्या दृष्टीने जवळजवळ दहा ग्रॅम अर्काचा आहे हे कळले की उत्साह आपोआप आवरतो.

प्रश्न : जी वनस्पती यकृताचे रक्षण करते ती यकृताला अपाय कशी करील? माझ्या आईचे एसजीपीटी वाढले आहे आणि ती गेले काही आठवडे एक यकृतरक्षक म्हणून सांगितलेले चूर्ण घेत आहे. ते चालू ठेवावे का?

उत्तर : आधी आईंविषयी. चूर्ण थांबवावे आणि वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, सतत मळमळ किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही असेल तर वाट न पाहता त्याच दिवशी.

आपल्या पहिल्या प्रश्नामागची शंका स्वाभाविक आहे, पण अपाय आणि रक्षण एकाच वनस्पतीत नांदू शकतात. मात्रा, अर्काची तीव्रता आणि घेणाऱ्याची घडण यांवर ते अवलंबून असते. हिरव्या चहातील ईजीसीजी या घटकावर प्राण्यांतील रक्षणाचे निबंध भरपूर आहेत. तरीही युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये, पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी घेणाऱ्यांत यकृताची एन्झाइमे वाढल्याचे नोंदवले. साध्या चहाबद्दल असा इशारा नव्हता. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत स्वप्रतिकारशक्तीशी निगडित यकृतदाह दिसल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यावर ती वनस्पती गुळवेलीचीच दुसरी प्रजाती असावी असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला आणि वाद बराच चालला. अशा प्रतिक्रिया लाखांतल्या थोड्यांना होतात, त्या प्रत्येक गटात सहा प्राणी घेऊन केलेल्या प्रयोगात दिसणे जवळजवळ अशक्य. तरीसुद्धा विष न देता नुसता अर्क दिलेला एक गट प्रत्येक प्रयोगात हवाच, आणि ज्या निबंधात तो नसतो त्यातील ‘सुरक्षित’ हा शब्द मी वाचून सोडून देतो.

डॉक्टरांकडे जाताना चूर्णाचे वेष्टन आणि उरलेले चूर्ण सोबत न्यावे. ते कधी सुरू केले, कधी थांबवले आणि त्याच काळात कोणत्या गोळ्या घेतल्या, पॅरासिटामॉल धरून, हे तारखांसह लिहून न्यावे. हेपॅटायटिसचे विषाणू, मद्य, पित्तमार्गातील अडथळा ही कारणे आधी तपासली जातात. औषधाचा संबंध किती दाट आहे हे ठरवण्यासाठी १९९३ पासून वापरात असलेल्या रुकॅम या गुणपद्धतीत यकृतपेशींच्या इजेच्या बाबतीत, संशयित पदार्थ थांबवल्यावर वाढलेले एएलटी आठ दिवसांत निम्म्याने किंवा अधिक उतरले तर जास्त गुण मिळतात, महिनाभरात उतरले तर थोडे कमी. म्हणून थांबवल्यानंतरची तपासणी चुकवू नये. आणि आकडे उतरले म्हणून खात्री करण्यासाठी तेच चूर्ण पुन्हा देऊन पाहू नये. दुसऱ्या वेळची प्रतिक्रिया पहिल्यापेक्षा लवकर आणि अधिक तीव्र येऊ शकते.